व्हिएन्नाला उतरा, प्रागहून परता

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘किती देश होतात?’ बारा दिवसांत सात देशांची सहल केली की पैसे वसूल झाले, असं अनेकांना वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. पहिल्यांदा स्वतःच्या बळावर युरोपला निघालेल्या कुटुंबाने दोनच शहरं घ्यावीत, ती एकमेकांच्या जवळची असावीत आणि मधला प्रवास रेल्वेने करावा. खर्च तर आटोक्यात राहतोच, शिवाय शहरं नीट पाहून होतात. यासाठी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते.

सुरुवात विमानाच्या तिकिटापासून करू. बहुतेक जण मुंबई–व्हिएन्ना–मुंबई असं परतीचं तिकीट काढतात. मग प्राग पाहून झाल्यावर केवळ विमान पकडण्यासाठी पुन्हा व्हिएन्नाला यावं लागतं. एक अख्खा दिवस जातो, रेल्वेचं भाडं दुसऱ्यांदा भरावं लागतं आणि अनेकदा हॉटेलची एक रात्रही वाढते. त्याऐवजी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा: जाताना मुंबई ते व्हिएन्ना, येताना प्राग ते मुंबई. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे जाणाऱ्या मोठ्या कंपन्या या दोन्ही शहरांना सेवा देतात. अशा तिकिटाचा दर पुष्कळदा साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच असतो. थोडा जास्त पडला, तरी वाचलेला दिवस आणि रेल्वेभाडं जमेस धरूनच तुलना करा. मात्र एकेरी दोन तिकिटं वेगवेगळी काढू नका, ती बहुधा महागच पडतात.

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत (चेक प्रजासत्ताक 21 डिसेंबर 2007 पासून), त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. तो कोणत्या देशाकडे मागायचा, याचा नियम स्पष्ट आहे. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. म्हणजे व्हिएन्नात चार रात्री आणि प्रागमध्ये तीन असतील, तर अर्ज ऑस्ट्रियाचा. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45 युरो पडतात, तर सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं द्यावं लागतं. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलची नोंदणी रद्द करता येण्याजोगीच ठेवा आणि पैसे परत न मिळणारं रेल्वेचं तिकीट काढू नका.

आता मधला प्रवास. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकातून दिवसभर प्रागच्या गाड्या सुटतात आणि सुमारे चार तासांत पोहोचतात. ऑस्ट्रियन आणि चेक या दोन सरकारी रेल्वे मिळून ‘रेलजेट’ चालवतात. ‘रेजिओजेट’ या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाड्याही याच मार्गावर आहेत. या स्पर्धेमुळेच इथे भाडं आवाक्यात राहिलं आहे. लवकर काढलं तर तिकीट साधारण 15 ते 25 युरोंत मिळू शकतं, आयत्या वेळी त्याच प्रवासाला दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. रेलजेटचं तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वे विकतात आणि एकाच गाडीसाठी दोघींचे दर वेगळे दिसू शकतात, म्हणून दोन्ही संकेतस्थळं पाहावीत. सवलतीचं तिकीट त्या ठरावीक गाडीपुरतंच चालतं, हे विसरू नका. रेलजेटच्या तिकिटात आसन आपोआप मिळत नाही. त्याचं आरक्षण थोडे युरो देऊन वेगळं करावं लागतं. मुलंबाळं किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ते जरूर करा. रेजिओजेटच्या तिकिटात आसन धरलेलंच असतं.

बस कधी कधी याहूनही स्वस्त मिळते. फ्लिक्सबसला चार ते पाच तास लागतात. सामानाला मर्यादा आहे: डिकीत 20 किलोची एक बॅग आणि हातात सात किलोची एक. एकट्या विद्यार्थ्याला बस परवडते. चौघांच्या कुटुंबाने मात्र रेल्वेच घ्यावी. पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह हाताशी असतं आणि थेपल्यांचा डबा निवांत उघडता येतो. विमानाचा विचार या अंतराला करूच नये. विमानतळापर्यंत जाणं, तपासणी, सामानाची वाट पाहणं हे सगळं धरलं की चार तास त्यातच संपतात. स्वस्त विमानं लांबच्या शहरांसाठी उपयोगी, पण तिथेही विमानतळ कुठे आहे ते आधी पाहा. ‘पॅरिस’च्या नावावर खपणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे 85 किलोमीटरवर आहे. तिथून शहरात येण्याचं भाडं तिकिटात मिळवलं, की स्वस्ताईतला बराच भाग उडून जातो.

हा रेल्वेमार्ग स्वतःच पाहण्याजोगा आहे. व्हिएन्ना ते ब्रनो ही रेल्वे 1839 मध्ये सुरू झाली, आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीच्या चौदा वर्षं आधी. व्हिएन्नाहून दीड तासावर हे ब्रनो लागतं आणि शक्य असेल तर इथे काही तास उतराच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटलेल्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरचे आनुवंशिकतेचे प्रयोग इथल्याच मठाच्या बागेत केले. तिथे त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. मीस व्हान डेर रोह या वास्तुरचनाकाराचा जागतिक वारसा ठरलेला ‘व्हिला टुगेंडहाट’ही याच शहरात आहे, मात्र त्याची तिकिटं बऱ्याच आधी घ्यावी लागतात. सामान स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवायचं आणि व्हिएन्ना–ब्रनो, ब्रनो–प्राग अशी दोन तिकिटं काढायची. हॉटेलचा खर्च न वाढता तिसरं शहर पदरात पडतं. ब्रनोच्या पुढे गाडी स्विटावा नदीच्या दाट झाडीच्या खोऱ्यातून, एकामागून एक बोगद्यांतून जाते. प्रागला उतरल्यावर थेट बाहेर पडू नका, आधी वरच्या मजल्यावरचं योझेफ फांटा यांनी रचलेलं जुनं घुमटाकार सभागृह पाहा.

पैसे गळतात ते अशा मोठ्या तिकिटांपेक्षा लहानसहान ठिकाणी. व्हिएन्ना विमानतळावर ‘सिटी एअरपोर्ट ट्रेन’च्या हिरव्या पाट्या आधी डोळ्यात भरतात, पण साधी एस-7 लोकल दहाएक मिनिटं जास्त घेऊन कितीतरी कमी भाड्यात त्याच स्थानकावर सोडते. व्हिएन्नात नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटल्या विकत घेऊ नका. प्रागमध्ये युरो नव्हे, कोरुना चालतो. पर्यटकांच्या गर्दीतल्या काही चलनबदल दुकानांत दर फार वाईट मिळतो. त्यावर तिथल्या कायद्याने एक उपाय दिला आहे: 1000 युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात रद्द करता येतो, फक्त पावती जपून ठेवावी लागते. कार्डाने पैसे देताना किंवा एटीएमवर ‘रुपयांत आकारू का?’ असं विचारलं, तर नकार द्या आणि स्थानिक चलनच निवडा, कारण रुपयांतला तो दर जवळपास नेहमीच महाग असतो.

पासपोर्ट प्रवासभर जवळ ठेवा. शेंगेन क्षेत्रातही सीमेवर अधूनमधून तपासणी होते. गाडी तासाभराहून अधिक उशिरा पोहोचली, तर युरोपीय नियमांनुसार सहसा तिकिटाच्या 25 टक्के आणि दोन तासांपुढे 50 टक्के भरपाई मागता येते, तेव्हा तिकीट लगेच फेकू नका. हा रेल्वेचा उपकार नाही, प्रवाशाचा हक्क आहे.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे मे महिन्याच्या सुटीत जायचं असेल, तर मुदत नोव्हेंबरातच उघडते. एप्रिलमध्ये व्हिसा केंद्रांवर वेळ मिळवण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच घरात बसून शहरं, रात्री आणि तारखा ठरवून टाका.