‘अंग बाहेर येतंय’ हे कुणाला सांगायचं?

महिला मंडळाची बैठक संपली. बाकीच्या सतरंज्या गुंडाळत होत्या, तेव्हा एक सून मागे रेंगाळली. बाळ आठ महिन्यांचं. हळूच म्हणाली, “ताई, खाली गोळा आल्यासारखं वाटतं. सकाळी नसतो, नळावरून हंडे आणले की जाणवतो. कॅन्सर तर नसेल ना?” सासूला विचारलं होतं. “बाळंतपणानंतर असं होतंच,” एवढंच उत्तर मिळालं.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात बाईंच्या डॉक्टरांकडे नेलं. कॅन्सर नव्हता. अंग खाली आलं होतं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून सैल पडतात. मग गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी योनिमार्गात खाली उतरते. उकिडवं बसताना जड वाटतं, कंबर ओढते, खोकताना लघवी सुटते.

सासूचं म्हणणं अर्धं खरं होतं. पुष्कळ जणींना हे होतं. पण होतं म्हणून सोसायचं, हे कुणी ठरवलं? दोष आमचाही आहे. वॉर्डात काम करताना घरी सोडायच्या वेळी आम्ही बाळाच्या लसींचं सगळं सांगायचो. आईच्या अंगाबद्दल एक शब्द नाही.

सुरुवातीचा त्रास असेल तर व्यायामाने बराच फरक पडतो. लघवी किंवा वारा अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाचपर्यंत मोजायचं, मग सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. झोपूनही जमतं. मात्र लघवी करताना हा व्यायाम करू नका. शौचाला कुंथू नका, जुना खोकला असेल तर औषध घ्या. फरक पडायला काही महिने लागतात. जास्त खाली आलेलं असेल तर डॉक्टर आत रिंग बसवतात किंवा ऑपरेशन सुचवतात. प्रत्येकीची पिशवी काढावी लागत नाही, हे घाई करणाऱ्यांना ठणकावून विचारा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. त्या बाळाचं वजन करतात, तेव्हाच आपलंही सांगून टाका.

काही त्रासांत मात्र वाट पाहायची नाही. तासाभरात पॅड भिजतंय, अंगावरून घाण वास येतोय, ताप आहे, डोकं फुटतंय नि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, झटका आला, दम लागतोय, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, तर १०८ ला फोन करा. सव्वा महिना झाला नाही म्हणून बाळंतिणीला घरात ठेवू नका.

ती सून आता रोज व्यायाम करते. हंडे नवरा आणतो. नळावर दोन दिवस लोक हसले, मग कंटाळले.