सीमेवरून घरी परतणारा जवान

अठरा-वीस वर्षांचा मुलगा सैन्यात भरती होतो, तेव्हा आपण त्याचे कौतुक करतो. पहिल्या मोठ्या सुट्टीवर तो घरी येतो, तेव्हा 'किती बदललास!' असे म्हणतो. हा बदल कशामुळे घडतो, याचा विचार मात्र आपल्याकडून क्वचितच होतो.

सियाचीनचे उदाहरण घेऊ. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले आणि तेव्हापासून आपले जवान त्या हिमनदीच्या परिसरात पहारा देत आहेत. नोव्हेंबर २००३ पासून तेथे शस्त्रसंधी आहे. तरीही धोका टळलेला नाही. शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा व हिमस्खलन यांनीच तेथे अधिक बळी घेतले आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. परंतु ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. मृतांमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातील एक जवानही होता.

अशा उंच चौकीवर जवान साधारणतः तीन महिने राहतो. भूक मंदावते, वजन घटते, झोप तुटते. शरीर पुढे भरून येते. मनाला मात्र अधिक अवधी लागतो. तेथे क्षणभराची बेसावधी जिवावर बेतू शकते, म्हणून मन सदैव जागे राहण्यास शिकते. घरी आल्यावर तेच मन फटाक्याच्या आवाजाने दचकते, लग्नातील गर्दीत गुदमरते. हा स्वभावदोष नव्हे; ज्या सवयीने त्याला जगवले, तीच येथे त्याला छळते.

बदल घरातही होतो. अमेरिकन नौदलातील कुटुंबांसंबंधी कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये या भावनिक प्रवासाचे सात टप्पे मांडले. जाण्याच्या दिवसांत पतिपत्नींत क्षुल्लक कारणांवरून खटके उडतात. निरोप सुसह्य व्हावा म्हणून मन नकळत दुरावा निर्माण करते. नंतरचा एकाकीपणा ओसरला, की पत्नी बँक, शाळा, सासूसासऱ्यांचे आजारपण हे सारे एकटीने सांभाळू लागते. पती परततो, तेव्हा घर त्याच्याविना चालायला शिकलेले असते. त्याला आपण परके झालो असे वाटते, तिला आपल्या कष्टांची दखल नाही असे वाटते आणि लहान मूल आईच्या पदराआड लपते. प्रेम आटल्याची ही खूण नव्हे. घराची घडी पुन्हा बसण्यास वेळ लागतो, इतकेच.

म्हणून आपण काय करावे? 'तिकडे काय पाहिलेस, किती मारलेस?' असे प्रश्न टाळावेत. तो बोलू लागला, तर मधे न बोलता ऐकावे. पहिल्या आठवड्यातच पाहुणचाराची रीघ लावू नये. आपल्या धर्मग्रामात एखादा जवान सीमेवर असेल, तर त्याच्या पत्नीला 'काही लागले तर सांगा' एवढेच न म्हणता दवाखान्यात सोबत करावी.

भयस्वप्ने, संताप, अतिरिक्त मद्यपान किंवा अबोलपणा महिनाभरानंतरही कायम राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. युद्धतणावातून उद्भवणाऱ्या अशा विकारास अमेरिकन मानसोपचारशास्त्राने १९८० मध्येच स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली असून त्यावर उपचार आहेत.

स्वागताचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. जवानाला व त्याच्या कुटुंबाला आपली खरी गरज त्यानंतरच्या दिवसांत असते.