हॉर्न वाजतो, मग दिवा का लागत नाही?

डिसेंबरातली संध्याकाळ. मगरिब होऊन गेली होती. धाकटीला मागे बसवून राशीनहून कर्जतला येत होतो. गाडी अब्बांची, शंभर सीसीची मोटरसायकल, २००६ सालची. चाक खड्ड्यात गेले आणि हेडलाइट विझला. दुसऱ्या धक्क्याला पुन्हा लागला, तेवढ्यात समोर उसाची ट्रॉली दिसली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. थांबलो तेव्हा अंतर हातभर उरले होते. घरी येताच धाकटीने दादीला सांगितले, "अब्बूंची गाडी डोळे मिटते."

आमच्या कर्जतला (अहिल्यानगरच्या, रेल्वे जंक्शनचे कर्जत वेगळे) गळिताच्या हंगामात रात्रीचा रस्ता ट्रॉल्यांचाच असतो. रेहेकुरीच्या बाजूला काळवीटही आडवे जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हेडलाइटच्या उजेडात १५५ मीटरवरचा माणूस स्पष्ट दिसायला हवा. आमच्या दिव्यात पंधरा मीटरही धड दिसत नव्हते.

गॅरेजवाल्याने बल्ब बदलला. आठ दिवसांत तोच प्रकार. मग बॅटरी गेली म्हणाला, नवी बसवली. दिवा तसाच. मी पडलो भाषेचा शिक्षक. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सांगितले, तर त्यांनी विचारले, "हॉर्न नीट वाजत होता ना? मग बॅटरी कशाला बदलली?"

खरी गोम इथेच आहे. अशा बऱ्याच जुन्या मोटरसायकलींत हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर चालतात, पण हेडलाइटला वीज मिळते ती इंजिनाजवळच्या मॅग्नेटो कॉइलमधून, थेट एसी. म्हणून रेस वाढवली की उजेड वाढतो. तो दोष नाही. मीटर लावायचा तर एसीवर ठेवायचा. डीसीवर आकडा फसवा येतो.

रविवारी दोघे अंगणात बसलो. इंजिन सुरू ठेवून सरांनी हँडल सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळवले. डावीकडे नेताच दिवा फडफडला. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा रोज वाकतो. वर्षानुवर्षे वाकून आतली तार तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते.

मग अर्थ तपासली. आमच्या गाडीत अर्थची वायर हिरवी, अप्परची निळी, डिप्परची पांढरी. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात. हेडलाइटच्या सॉकेटमधल्या हिरव्या वायरीला एक जादा तुकडा जोडून त्याचे टोक चेसिसच्या रंग खरवडलेल्या लोखंडाला टेकवले, आणि भिंतीवरचा पिवळट ठिपका एकदम पांढरा झाला! म्हणजे हिरव्या वायरीच्या परतीच्या वाटेत अडथळा होता. तिचा स्क्रू शोधला, तर गंजाने लाल. गंजात व्होल्टेज खर्ची पडते, आणि व्होल्टेज दहा टक्के घटले की बल्बचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

स्क्रूची जागा पॉलिश पेपरने घासून वर व्हॅसलीन लावले. मानेपाशी तुटलेल्या तारेत नवा तुकडा झाळून वर स्लीव्ह चढवली. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली की पहिल्या पावसात पुन्हा पहिले पाढे. हे सारे इंजिन बंद करून.

एवढ्यावर भागले नसते तर हँडलवरचे बटन आणि डिप्परचा स्विच उघडणार होतो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना ते चालू-बंदचे बटन नाही, इंजिनाबरोबर दिवा आपोआप लागतो. जुन्या गाडीत मात्र तिथले पत्रे काळे पडतात. फक्त अप्पर किंवा फक्त डिप्पर लागत नसेल तर आधी बल्बची तेवढी तार आणि डिप्पर स्विच बघावा. रेस देताच बल्ब उडत असतील तर संशय रेग्युलेटरवर किंवा त्याच्या अर्थवर.

अब्बांचा हट्ट मोठ्या बल्बचा होता. सरांनी हिशेब मांडला: ३५ वॅटच्या जागी ६० वॅट घातला तर करंट तीन अँपिअरवरून पाचवर जातो आणि त्याच वायरीत उष्णता जवळजवळ तिप्पट होते. स्विच वितळतो. आणि कॉइलला तेवढे झेपले नाही तर उजेड उलट कमीच पडतो. अब्बा काही बोलले नाहीत, पण पुन्हा विषय काढला नाही.

आता इशानंतर ते स्वतः गाडी काढतात. खर्च वायर, स्लीव्ह आणि पॉलिश पेपरचा, म्हणजे चहापाण्याइतकाच. नवी बॅटरी गाडीतच आहे. हॉर्न तेवढा फार जोरात वाजतो.