चाल एकाची, नाद दुसरीचा

नाटकाला नांदी असते, तशी दूरचित्रवाणीवरील मालिकेला शीर्षकधून असते. कथानक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकाचे मन त्या सृष्टीत नेऊन बसवावे, हे दोहोंचे प्रयोजन सारखेच. नांदीच्या मदतीला शब्द असतात. शीर्षकधुनीला बहुधा नसतात. जाहिरात, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांसाठी विजेच्या उपकरणांतून घडवल्या जाणाऱ्या अशा शब्दहीन संगीताकडे आपल्यातील बरेच रसिक 'यंत्राचा गोंगाट' म्हणून पाहतात. मी आयुष्यभर शब्दांच्या व्यवहारात राहिलेला माणूस; परंतु या गोंगाटाचे एक उदाहरण मला वाङ्मयाच्या अभ्यासकानेही विचारात घ्यावे इतके मोलाचे वाटते.

उदाहरण इंग्लंडमधले आहे. बीबीसीने १९५८ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागातील आपल्या वास्तूत 'रेडिओफोनिक वर्कशॉप' हा विभाग उघडला. श्रुतिका आणि इतर कार्यक्रम यांसाठी, रूढ वाद्यांतून निघू न शकणारे ध्वनी तयार करणे हे त्याचे काम. १९६२ मध्ये तेथे डेलिया डर्बिशायर नावाची तरुणी रुजू झाली. जन्म १९३७ चा, कॉव्हेंट्रीचा. शिक्षण केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात, गणित आणि संगीत या विषयांत. १९४० मध्ये कॉव्हेंट्रीवर जर्मन विमानांनी बॉम्बवर्षाव केला तेव्हा ती तीन वर्षांची होती. हल्ल्याची सूचना देणारे आणि संकट टळल्याचे सांगणारे भोंगे हेच आपण ऐकलेले पहिले विद्युत्-संगीत, असे ती पुढे सांगत असे. पदवीनंतर डेक्का या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत तिने नोकरी मागितली, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या कामावर आम्ही स्त्रिया नेमत नाही, असे उत्तर तिला मिळाले होते.

१९६३ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' ही कालप्रवासाची मालिका सुरू केली. पहिला भाग २३ नोव्हेंबरला प्रक्षेपित झाला. शीर्षकधुनीची चाल रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संगीतकाराने बांधली. त्याने दिलेला कागद एकच. त्यावर मुख्य चाल होती, खर्जाची ओळ होती, आणि उरलेल्या जागी चक्क शब्द होते: वाऱ्याचे ढग, वाऱ्याचे बुडबुडे, अशा अर्थाचे. अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. कवीची प्रतिमा वाचकाच्या मनात उमटली म्हणजे तिचे काम झाले. येथे ती प्रतिमा कानाला प्रत्यक्ष ऐकू यायला हवी होती, आणि ती ऐकवण्याची जबाबदारी डर्बिशायरबाईंवर आली.

साधने कोणती? सिंथेसायझर हे वाद्य तेव्हा बाजारात आलेले नव्हते. अनेक आवाज स्वतंत्रपणे एकाच फितीवर टिपणारे यंत्र त्या विभागात नव्हते. होते ते यंत्रांच्या चाचणीसाठी वापरले जाणारे, एकच सपाट स्वर काढणारे ऑसिलेटर, रेडिओ नीट लागला नाही म्हणजे ऐकू येते तशी खरखर, छेडलेली एक तार, आणि ध्वनिफिती. फीत दुप्पट वेगाने फिरवली की स्वर एका सप्तकाने चढतो, निम्म्या वेगाने फिरवली की तेवढाच उतरतो. वेगाचे प्रमाण गणिताने ठरवले की एकाच तारेच्या आवाजातून खर्जाचे सगळे स्वर काढता येतात. ते तसेच काढले गेले. ऑसिलेटरची खुंटी हाताने फिरवून मुख्य चालीची ती लांबलचक मींड मिळवली, आणि खरखर गाळून 'वाऱ्याचे ढग' उभे केले.

यानंतरचे काम शिंप्याचे. ध्वनिमुद्रणाची फीत त्या काळी सामान्यतः सेकंदाला पंधरा इंच या वेगाने धावे. म्हणजे पाव सेकंदाचा स्वर पावणेचार इंचांचा. असा प्रत्येक स्वर मोजायचा, पात्याने कापायचा, चिकटपट्टीने पुढच्याला जोडायचा. डिक मिल्स हा सहकारी मदतीला होता. खर्जाची एक फीत, चालीची दुसरी, ढगांची आणखी एक. या साऱ्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून पुन्हा एकत्र टिपायच्या. कोठे तरी एक स्वर चुकीचा लागत होता, तेव्हा त्या फिती इमारतीच्या लांब व्हरांड्यात शेजारी शेजारी पसरून, कोणता जोड जागेवर नाही ते डोळ्यांनी शोधावे लागले. संगीतातील चूक डोळ्यांनी शोधण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

तयार झालेली धून ऐकून ग्रेनर चकित झाला. ही मीच लिहिली काय, असे त्याने विचारल्याचे सांगतात. त्याचे मोठेपण असे की, बाईंचे नाव सहसंगीतकार म्हणून लागावे आणि मानधनाचा अर्धा वाटा त्यांना मिळावा, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. परंतु विभागातील कर्मचाऱ्यांची नावे जाहीर न करण्याचा बीबीसीचा प्रघात आड आला. श्रेयनामावलीत ग्रेनर आला, विभागाचे नाव आले. बाई आल्या नाहीत.

आपली रंगभूमी या बाबतीत अधिक उदार होती. 'मानापमान' (१९११) खाडिलकरांचे, त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, हे आजही रसिक जाणतात. पद रचणारा आणि चाल बांधणारा अशी दोन कर्तृत्वे मराठीने मान्य केली. तिसरे कर्तृत्व, म्हणजे चालीला नाद देणाऱ्याचे, त्याला मात्र आपल्याकडेही धड शब्द नाही. गोव्यातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोमंतकीयांनी हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ लिहिला. त्यांना 'अरेंजर' म्हणत आणि पडद्यावर नाव आलेच तर ते साहाय्यक म्हणून येई. ज्या कामाला भाषेत नाव नाही त्या कामाचा मोबदला मागणेही अवघड जाते, असे माझे मत आहे.

डर्बिशायरबाईंनी पुढे बाहेरची कामेही केली. चित्रवाणी व जाहिराती यांच्या निर्मात्यांसाठी आगाऊ तयार करून ठेवलेल्या, वाणसामानासारख्या हव्या तेव्हा उचलाव्यात अशा धुनांचे संग्रह इंग्लंडमध्ये असतात. अशाच एका संग्रहासाठी त्यांनी १९६९ मध्ये 'ली द ला रूस' या टोपणनावाने रचना केल्या. १९७३ मध्ये बीबीसीच्या प्रतिस्पर्धी वाहिनीवर 'द टुमॉरो पीपल' ही मालिका आली, तिच्यात त्यांतील काही रचना वाजल्या. कार्यालयात नाव लावता येत नव्हते म्हणून, आणि बाहेर नाव लपवावे लागले म्हणून, ही बाई दोन्हीकडे अनामिकच राहिली. त्याच वर्षी त्यांनी बीबीसी सोडली.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. घराच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. 'डॉक्टर हू'ला पन्नास वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २०१३ मधील विशेष भागाच्या श्रेयनामावलीत, ग्रेनरच्या नावाबरोबर डेलिया डर्बिशायर हे नाव पडद्यावर प्रथम आले.