मावशींच्या झोपेचा हिशेब

पक्षाघाताचा रुग्ण इस्पितळातून घरी परतला की आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः खरे काम तेव्हाच सुरू होते. पहूरच्या आमच्या परिचयातील एका वृद्ध गुरुजींकडे त्यासाठी मुक्कामी राहणाऱ्या एक मावशी आहेत. आरंभी दर दोन तासांनी कूस बदलायची, ताठ बसवून घोटघोट पाणी पाजायचे. सदरा मात्र त्या घालून देत नाहीत. लुळा हात आधी बाहीत, मग धड हात, गुरुजींनीच घालावा. पंधरा मिनिटे लागतात. लागोत! मायेपोटी सारे करून देणारे घरचे लोकच पुष्कळदा रुग्णाला अधिक पंगू करतात.

गृहस्थाने पगारी मोलकरणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात मांडलेला विरोधाभास आम्ही वर्गात शिकवितो. येथे उलट घडले: सूनबाईंचे श्रम बेहिशेबी होते, मावशींचे हिशेबात आले. परंतु त्यांच्या मोडलेल्या झोपेचे काय? घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. रात्री उंबरठ्याच्या आत डोकावायला तो येत नाही.

साप्ताहिक सुटीची गोष्ट आम्ही काढली, तेव्हा घरात प्रथम कुरकूर झाली. आता शनिवारी रात्री गुरुजींजवळ पुतण्या निजतो. सदऱ्याची रीत मावशींनी त्यालाही शिकविली आहे.