रविवारचा विसावा बाईलाही

रविवारी उपासनेहून आल्यावर घरातले सगळे टेकतात आणि आपण बायका चुलीपुढे बसतो. पाहुणे, मटण, भाकरी, भांडी. सुट्टीच्या दिवशी काम दुप्पट.

दहा आज्ञांतली विसाव्याची आज्ञा निर्गमाच्या 20 व्या अध्यायात आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारचा उपरा, सगळ्यांना त्या दिवशी काम बंद. दासीलाही सुट्टी, मग घरच्या बाईला का नको? आज घरात सगळ्यांसमोर तो अध्याय वाचू या.

दळण, पाणी, कपडे शनिवारीच उरकू. रविवारी नुसती खिचडी. भांडी मुलगे आणि त्यांचे वडील घासतील. गटाची बैठकही रविवारी नको. दुपारचे दोन तास आपले. आजारी पडून झोपण्यापेक्षा आधीच पाठ टेकलेली बरी.