निरोपांवर चालणारी यंत्रणा

गोंदिया जिल्ह्यातील राइस मिल आणि आमगाव-तिरोड्याचे व्यापारी यांच्यात तांदळाच्या भावाचे जे निरोप व्हॉट्सॲपवरून जातात, त्यांची ने-आण करणारी सर्व्हर यंत्रणा ‘एरलँग’ या भाषेवर उभी राहिली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी तिची घडण सुरू केली. या यंत्रणेत प्रत्येक जोडणीसाठी एक ‘प्रोसेस’, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा कार्यघटक, असतो. सुरुवातीला त्याला जेमतेम दोन-तीन किलोबाइट मेमरी लागत असल्याने असे लाखो घटक एकाच सर्व्हरवर नांदू शकतात. २०१२ मध्ये व्हॉट्सॲपने एका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्या.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे या घटकांची मेमरी सामायिक नसते. गोदामातील १०० पोत्यांच्या सामायिक नोंदीतून दोन कामे एकाच क्षणी प्रत्येकी १० पोती वजा करू लागली, तर दोघांनाही १०० हाच आकडा दिसून नोंदीत ८० ऐवजी ९० उरतात, आणि असा दोष शोधणे महाकठीण असते. एरलँगमध्ये ती नोंद एकाच प्रोसेसकडे राहते. इतरांनी पाठवलेले निरोप तिच्या टपालपेटीत साठतात व ती ते एकेक करून हाताळते, त्यामुळे आधी ९० आणि मग ८० असाच हिशेब होतो. एखादी प्रोसेस कोसळलीच, तर तिच्यावर देखरेख करणारी दुसरी प्रोसेस, ‘सुपरवायझर’, ती नव्याने सुरू करते. मात्र निरोप पोहोचल्याची हमी भाषा देत नाही. म्हणून जिथे खात्री हवी, तिथे पोच मागवून तिच्यासाठी मुदत ठरवावी लागते.